मेथीच्या ढिगापाशी अडकलेला आवाज

आमच्या केंद्राची पाटी पुण्याहून रंगवून आली होती. 'समग्र मन-शरीर समुपदेशन व कोचिंग' अशी मोठी अक्षरं, खाली एक कमळ, कमळात मांडी घालून बसलेली एक गोरीपान बाई आणि तिच्या डोक्यातून चारी दिशांना निघालेले पिवळे किरण. अमरावतीत एका मेडिकल स्टोअरच्या वरच्या मजल्यावर ती लागली आणि पहिले जे गृहस्थ जिना चढून धापा टाकत आले, त्यांनी विचारलं, "मॅडम, बारावीची बॅच कवा सुरू होते? फिजिक्सले सर कोनते हायेत?"

अमरावतीत कोचिंग म्हणजे कोचिंग. मी त्यांना समजावलं की इथे मनाचं आणि शरीराचं एकत्र मार्गदर्शन होतं. त्यांनी किरणवाल्या बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यातून काही निघत नव्हतं. "म्हंजे पास व्हाची गॅरंटी नाई," असं म्हणून ते जिना उतरून गेले.

त्या पाटीखाली मी उमेदीची सगळी वर्षं काढली. बुधवारी अकोल्याला, बाकीचे दिवस अमरावतीला. मी निवृत्त झाले तरी लोक मला अजून विचारतात, की मॅडम, तुम्ही तिथं नेमकं करत काय होत्या? माझ्या नणंदेच्या यजमानांनी तर लग्नाच्या पंगतीत माझी ओळखच करून दिली होती, "या आमच्या शैलावहिनी. या बोलायचा पगार घेतात." पंगत हसली. मीही हसले, कारण तेव्हा पगार वेळेवर होत होता.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे आल्यावर काय होतं. आधी काय होत नाही ते ऐका. सुई मिळत नाही, गोळी मिळत नाही, ताईत मिळत नाही, आणि सल्लाही मिळत नाही. यातली शेवटची गोष्ट ऐकून वऱ्हाडी माणूस खरा चिडतो. एवढा जिना चढून आलो आणि ही बाई उलट मलाच विचारते, की तुम्हाला काय वाटतं! अकोल्याचे एक निवृत्त तलाठी तासभर बोलले, रडले, डोळे पुसले, हलकं वाटलं म्हणाले आणि जाताना दारात थबकून विचारलं, "बरं, पन इलाज कवा सुरू होते?"

दुसरी गोष्ट. आमच्याकडे माणूस एकटा येत नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं की समुपदेशक आणि व्यक्ती असे दोघं शांत खोलीत समोरासमोर बसतात. ते पुस्तक लिहिणारा वऱ्हाडात आला नसणार. इथे ज्याचं डोकं दुखतं त्याच्यासोबत बायको येते, मेव्हणा येतो, शेजारी येतो, आणि शेजाऱ्याला मार्केटमध्ये काम असतं म्हणून त्याचा भाचाही येतो. प्रश्न ज्याला विचारला तो सोडून सगळे उत्तर देतात. एक सासरे तर सुनेला घरीच ठेवून आले होते. म्हणाले, "तिचं मन लय बिघडलं. मले सांगून द्या काय कराचं ते, मी तिले घरी जाऊन समजावतो." म्हणून सोबतच्या माणसाला खोलीबाहेर काढणं ही आमच्या धंद्यातली पहिली विद्या. चहा सांगा, पाणी आणायला लावा, खालच्या मेडिकलमधून काहीतरी मागवा. मी या कामासाठी आयुष्यभरात जेवढ्या खोकल्याच्या गोळ्या मागवल्या तेवढ्या खाल्ल्या असत्या, तर आज हे लिहायला राहिले नसते.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर माझा मनापासून विश्वास आहे. माणूस बोलायचं टाळतो तेव्हा त्याचं अंग बोलतं. आमच्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. वऱ्हाडात कोणी 'मला नैराश्य आलंय' म्हणत नाही. 'जीव घाबरा होते', 'पोटात खड्डा पडते', 'आंगावरून मुंग्या चालल्यासारकं होते' असंच म्हणतात. म्हणून आम्ही विचारतो, कुठं होतं, बोट ठेवून दाखवा. मग श्वास बघतो, खांदे बघतो, मुठी बघतो. हळूहळू माणूस बोटावरून गोष्टीवर येतो. यात किरण कुठंही निघत नाहीत. वेळ लागतो, आणि ऐकणाऱ्याला गप्प बसता यावं लागतं. मला ते येत होतं, आणि याचा मला गर्व आहे, तो मी लपवत नाही.

आता मी तिथं होते त्या वर्षांबद्दल. ती वर्षं वऱ्हाडाला फार वाईट गेली. कापसाला भाव नाही, संत्र्याला नाही, भाजीपाल्याला तर विचारूच नका. पेपर उघडला की आमच्याच जिल्ह्यांची नावं, आणि बातमी कसली असणार ते न वाचताच कळायचं. मग मदत सुरू झाली. मुंबईच्या गाड्या आल्या, दिल्लीच्या गाड्या आल्या. कोणी गायी वाटल्या, कोणी शिलाई मशिनी वाटल्या. आमचं केंद्र चालवणाऱ्या पुण्याच्या ट्रस्टनं बराच अभ्यास करून शोधून काढलं, की वऱ्हाडच्या माणसाला श्वास नीट घेता येत नाही. तो शिकवला की पुढचं सगळं आपोआप होईल.

ट्रस्टचे जे प्रमुख होते त्यांना आम्ही 'सर' म्हणायचो. पांढरा कुर्ता, पुणेरी मराठी, आणि समोरच्याच्या कपाळाच्या मधोमध बघून बोलायची सवय. भातकुलीकडच्या एका गावात त्यांनी शिबिर घेतलं. देवळाच्या सभामंडपात बायका बसवल्या आणि सर मृदू आवाजात म्हणाले, "डोळे मिटा. आता आपलं हिरवंगार, बहरलेलं शेत डोळ्यांपुढे आणा." सगळ्यांनी मिटले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मात्र टक्क बघत बसली होती. सरांनी जवळ जाऊन विचारलं, "आजी, डोळे मिटत नाही का?" म्हातारी म्हणाली, "काहून मिटू बाप्पा? मिटले का थेच दिसते. म्हनून त रात्रभर उघडे ठेवतो." सरांना वऱ्हाडी कळत नसे. त्यांनी हसून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "छान."

हे सगळं सांगितलं ते रहीमभाईंच्या गोष्टीसाठी. माझ्याकडे आलेल्या माणसांपैकी मला कोणाचा रात्री जाग आल्यावर अजून विचार येत असेल, तर तो त्यांचा.

रहीमभाई अमरावतीच्या भाजीबाजारात हर्रास बोलायचे. हर्रास म्हणजे लिलाव. सकाळी उजाडायच्या सुमारास गावोगावचा माल येतो, अडत्याच्या गाळ्यासमोर ढीग लागतात, भोवती व्यापारी आणि हातगाडीवाले गोळा होतात. बोलणारा भाजीच्या उलट्या कॅरेटवर, म्हणजे प्लास्टिकच्या क्रेटवर, उभा राहतो. अडत्या, ज्याला सगळे शेठ म्हणतात, गादीवरून डोळ्यानं किंवा बोटानं त्याला इशारा करतो आणि तो भाव उघडतो. मग बोली चढते, किंवा चढत नाही. माल ज्याचा, तो आपल्या ढिगाशेजारी उभा असतो, पण त्यानं तोंड उघडायचं नाही, हा तिथला जुना रिवाज. पिकवणाऱ्यानं पिकवायचं, घेणाऱ्यानं घ्यायचं, आणि बोलायचं एकट्या रहीमभाईंनी. त्यांचे वडील हेच काम करायचे. बागवानांच्या मोहल्ल्यात असं म्हणत, की या घराण्याचा आवाज बाजारात निघाला की बडनेऱ्याच्या गाडीतला माणूस उठून बसतो.

हा आवाज एका हिवाळ्यात, भर बाजारात, कॅरेटवर उभं असताना गेला. एकदम गेला. राहिली ती नुसती कुजबूज.

ते माझ्याकडे आले तेव्हा पावसाळा लागत आला होता. त्याआधी मध झाला, ज्येष्ठमध झालं, दर्ग्यावर चादर चढवून झाली, कान-नाक-घशाचे दोन डॉक्टर झाले. दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि सांगितलं की गळा ठणठणीत आहे, मनाच्या बाईंकडे जा. सोबत पत्नी शमीमबी होत्या. त्या जिन्यातूनच तापून आल्या होत्या.

"देखो मॅडम, ये पागल नहीं हैं," त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. "यायच्या डोक्यात काई नाई. गळ्यात हाये."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "रहीमभाई, काय होतं तुम्हाला?"

"बोलनं होत नाई यायच्यानं," शमीमबी म्हणाल्या.

"झोप लागते का?"

"कुठची झोप! करवटा बदलते रात्रभर."

"जेवण?"

"थे मी चारतो म्हनून."

रहीमभाई मान डोलवत होते. बायको अगदी बरोबर सांगते, असा त्यांचा चेहरा होता. उंच माणूस, मेंदी लावलेली दाढी, मांडीवर दोन्ही हात ठेवून शाळेतल्या मुलासारखा बसलेला. मी शमीमबींना खालून खोकल्याच्या गोळ्या आणायला पाठवलं.

दार लागल्यावर रहीमभाई कुजबुजत म्हणाले, "मॅडम, शेठनं सांगतलं हाये. हिवाळ्याचा माल सुरू होईस्तोवर वाट पाहीन म्हने. तोवर आवाज आला त कॅरेट तुमचं, नाई त त्या नव्या पोराचं." नवा पोरगा म्हणजे शेठचा कोणी लांबचा नातेवाईक. तो हातात लाऊडस्पीकर धरून भाव बोलायचा. "लाऊडस्पीकर!" रहीमभाई म्हणाले, आणि ते कुजबुजत म्हणतानाही त्यात केवढा तिटकारा होता. "माह्या बापानं आयकलं असतं त कबरीतून उठला असता. मले दुसरं काई येत नाई, मॅडम. हाच एक धंदा, अन् हाच एक गळा."

मी त्यांना खोकायला सांगितलं. ते खोकले. खोकला खणखणीत निघाला, खिडकीवरचं कबूतर उडालं.

"हा कोणाचा आवाज?" मी विचारलं.

खोकल्याला आवाज आहे म्हणजे गळ्यातली वीणा शाबूत आहे, तारा तुटलेल्या नाहीत. बोलताना फक्त कोणीतरी त्या तारांवर हात ठेवतं. हात ठेवणारं आतलंच असतं. हे ढोंग नव्हे, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण मोहल्ल्यात काही लोक तसंही म्हणू लागले होते. असा गेलेला आवाज मी आधीही पाहिला होता आणि परत आलेलाही पाहिला होता. खोकल्यापासून सुरुवात करायची. मग पाण्यानं गुळण्या, मग तोंड मिटून 'हं', मग 'हं'ला लांबवायचं, मग 'म', मग छोटे शब्द. घाई करायची नाही. आवाज घाबरलेल्या मांजरासारखा असतो. आपण धावलो की तो पलंगाखाली जातो.

मध्येच सरांचा दौरा आला. त्यांना ही केस फार आवडली. त्यांनी डोळे मिटले, रहीमभाईंच्या गळ्यासमोर हात धरला आणि सांगितलं की कंठचक्र बंद आहे, त्याचा रंग निळा असतो, तर रोज सकाळी गळ्यात निळा प्रकाश पसरतोय अशी कल्पना करा.

"निळा?" शमीमबी म्हणाल्या. "डॉक्टरनं टॉर्च मारून पाह्यलं ना, लाल हाये."

सरांनी पिशवीतून पितळेची एक वाटी काढली, लाकडाच्या दांडीनं तिच्या कडेवर घासली. वाटी गुंजायला लागली. आम्ही सगळे ते ऐकत बसलो. रहीमभाई अदबीनं ऐकत होते, शमीमबी वाटीकडे अशा बघत होत्या की घासायला टाकावी का काय. शेवटी सर म्हणाले, "बघा, आता बोलून बघा." रहीमभाईंनी तोंड उघडलं आणि कुजबुजत म्हटलं, "शुक्रिया." सर म्हणाले, प्रक्रिया सुरू झाली आहे.

सर गेले आणि आम्ही पुन्हा गुळण्यांवर आलो. श्रावणात 'हं' आलं. गणपतीच्या दिवसांत शब्द आले. मग मी त्यांना त्यांच्याच धंद्यावर आणलं. म्हटलं, भाज्यांची नावं घ्या, जशी बाजारात घेता तशी. "वांगेऽ" ते म्हणाले, बारीक पण खऱ्या आवाजात. "टमाटर. पालक. भेंडी. संबार." संबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. शमीमबी दाराबाहेर होत्या, त्यांनी दार ढकलून डोकं आत घातलं. रहीमभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मेथी," मी म्हटलं.

"मे..." आणि पुढं नुसती हवा.

पुन्हा पालक म्हणायला लावलं, आला. भेंडी आली. मेथी नाही. त्यांनी ताकद लावली, मानेच्या शिरा फुगल्या. नाही. मी म्हटलं, राहू द्या, बोट ठेवून दाखवा कुठं अडकतं. त्यांनी बोट गळ्यावर ठेवलं नाही. पूर्ण तळहात छातीवर ठेवला.

शमीमबींना मी काही आणायला पाठवलं नाही. त्या स्वतःच आत येऊन शांत बसल्या, कारण या मेथीबद्दल त्यांनाही काही माहीत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याच्या वतीनं उत्तर दिलं नाही.

मग रहीमभाईंनी कुजबुजत सांगितलं. भातकुलीकडची सिंधूबाई म्हणून एक माळीण. नवरा शेत सोडून नांदगाव पेठेच्या कारखान्यात कामाला लागला होता, मळा ती एकटी करायची. तिच्या सासऱ्याचा आणि रहीमभाईंच्या वडिलांचा घरोबा होता. लहानपणी रहीमभाई त्यांच्या मळ्यात विहिरीत पोहायला जायचे, त्यांच्या चुलीवरची भाकर खायचे. त्या हिवाळ्यात सगळीकडून मेथी आली होती, बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. सिंधूबाई ऑटोत बोचकी भरून पहिलीच मेथी घेऊन आली. दवानं ओली, कोवळी. शेठनं गादीवरून बोट हलवलं. रहीमभाईंनी भाव उघडला. कोणी हललं नाही. ते खाली आले. कोणी हललं नाही. आणखी खाली आले. शेवटी ज्या भावात ढीग गेला, त्यात तिचं ऑटोचं भाडंही निघालं नाही.

"काई बोलली नाई थे," रहीमभाई म्हणाले. "शिवी दिली असती त बरं झालं असतं. बोचक्याचं फडकं झटकलं, घडी घातली अन् गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मेथी घेऊन उभी. मले पाहून हासली. मी कॅरेटवर चढलो, तोंड उघडलं, अन् मॅडम, आवाजच नाई."

खाली मेडिकलमध्ये कोणीतरी शटर ओढत होतं.

"त्या दिवशी तुम्हाला तिला काय म्हणायचं होतं?" मी विचारलं. आमच्या धंद्यातला हा नेहमीचाच प्रश्न आहे.

"इचाराचं होतं."

"काय?"

"का बाई, तुले काय भाव पायजे?"

"मग विचारा की."

रहीमभाई एकदम मोठ्यानं हसले. "पिकोनाऱ्याले इचारते का मॅडम कोनी बजारात? माह्या बापानं नाई इचारलं, त्याच्या बापानं नाई इचारलं! मेथीवालीले इचारा म्हंते, भाव काय पायजे म्हून!"

सगळं वाक्य पूर्ण आवाजात आलं. मेथीसकट. शमीमबी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याच्या गळ्याला हात लावून पाहिला, ताप पाहतात तसा, आणि मग तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मीही रडले. समुपदेशकानं रडू नये असं पुस्तकात लिहिलं आहे, ते असो.

पुढचे काही आठवडे आम्ही आवाज पक्का केला. पण रहीमभाईंच्या डोक्यात तो प्रश्न बसला होता. ते म्हणाले, "मॅडम, हिवाळ्यात सिंधूबाईचा पयला ढीग लागला का मी इचारनार. शेठ काई म्हनो. एकडाव इचारनार, मंगच भाव बोलनार." मला फार आनंद झाला. मला वाटलं, आपण इतकी वर्षं जे म्हणत आलो ते हेच. माणसाचा आवाज परत आला, आणि नुसता आला नाही, तर काहीतरी खरं बोलायला आला. मी ते सरांना फोनवर सांगितलं, हे मात्र उगाच केलं, कारण सर कॅमेरा घेऊन आले.

दिवाळी झाली, हिवाळी माल सुरू झाला. शेठनं रहीमभाईंना बोलावलं. लाऊडस्पीकरवाला पोरगा बाजूला तोंड पाडून उभा होता. मी शाल पांघरून गाळ्याच्या कडेला उभी राहिले, सर नाकाला रुमाल लावून माझ्याशेजारी. वांग्याचे ढीग गेले, पालकाचे गेले. रहीमभाईंचा आवाज छतापर्यंत जात होता. हमाल थांबून ऐकत होते. म्हातारे व्यापारी एकमेकांना कोपरानं ढोसत म्हणत होते, "आला रे, आला."

मग सिंधूबाईचा ढीग लागला. मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काळीसावळी, ठेंगणी बाई, पायात प्लास्टिकच्या चपला, हात मेथीच्या मातीनं हिरवेकाळे. ती रिवाजाप्रमाणं ढिगाशेजारी गप्प उभी राहिली. शेठनं बोट हलवलं.

रहीमभाई बोलले नाहीत. मग ते कॅरेटवरून थोडे वाकले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सिंधूबाई, तुले काय भाव पायजे?"

शेठ गादीवर अर्धवट उठला. सगळ्यांच्या माना सिंधूबाईकडे वळल्या. तिनं मागं वळून पाहिलं, की आपल्यामागं दुसरी कोणी सिंधूबाई आहे का. मग तिच्या लक्षात आलं. तिचे ओठ हलले. काही आलं नाही. पुन्हा हलले, गळ्याची घाटी वरखाली झाली. मी इतक्या जणांचे गळे पाहिले होते, पण तसं मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं पदर तोंडावर घेतला आणि कशीबशी म्हणाली, "मले काय समजते भाऊ त्यातलं? तुमीच बोला ना. मले सवय नाई."

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. वाईट हसणं नव्हतं ते, आणि सिंधूबाईही पदराआडून हसत होती. रहीमभाई सरळ उभे राहिले.

शेठनं दाखवला होता त्यापेक्षा वरचा भाव त्यांनी उघडला. एवढं त्यांनी केलं. कोणी हललं नाही. ते एक पायरी खाली आले. आणखी एक खाली आले. दर वेळी ते थांबत, सगळ्या तोंडांकडे बघत, आणि मग पुढचा भाव सांगत. मी त्यांच्या छातीकडे बघत होते, खांद्यांकडे बघत होते, श्वासाकडे बघत होते. सगळं मोकळं होतं. जिथं शेठचं बोट होतं तिथपर्यंत ते उतरले, आणि त्याच्याही जरा खाली, तेव्हा एका हातगाडीवाल्यानं मान हलवली. मेथी हा शब्द त्यांनी कितीतरी वेळा घेतला, आणि आवाज एकदाही अडकला नाही.

"ब्यूटिफुल," सर कॅमेरा खाली घेत म्हणाले. "काय मोकळा झालाय कंठ!"

मला सरांचा राग आला, शेठचा आला, मेथीचाही आला. मी एका चांगल्या माणसाचा गळा दुरुस्त केला होता. आता तो हिवाळाभर रोज सकाळी इथं उभं राहून हेच करू शकणार होता. रहीमभाई पुढच्या ढिगाकडे वळण्याआधी एकदा माझ्याकडे बघून हात कपाळाला लावून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती. घर वाचलं होतं, कॅरेट वाचलं होतं. त्यांना नावं ठेवायला मी कोण?

सिंधूबाई फडक्याची घडी करत आमच्या बाजूनं निघाली. कोणीतरी तिला माझ्याकडे बोट करून सांगितलं असावं. ती थांबली, माझे दोन्ही हात आपल्या मातीच्या हातांत घेतले.

"ताई, लय चांगलं काम केलं तुमी," ती म्हणाली. "थो पोट्टा भोंग्यातून भाव बोले, त निरा जीव जळे. यायच्या तोंडून आयकलं का मंग भाव पडला तरी घरचं मानूस सांगून राह्यलं असं वाटते. तेवढं दुखत नाई."

तिचे डोळे भरून आले होते. एवढ्या वर्षांत मला कोणी इतकं मनापासून काही म्हटलं नव्हतं, आणि माझ्या तोंडून एक अक्षर निघेना.

सरांनी रुमाल नाकावरून काढला. "काय म्हणतात त्या?"

"आभार मानताहेत," मी म्हणाले, आणि त्या खरंच मानत होत्या.